जुन्या घरगुती फोटोंचा अल्बम: आधी नावं, मग मोठे प्रिंट

जुन्या फोटोंची पेटी उघडली की पहिला विचार येतो स्कॅनरचा. तो जरा मागे ठेवा. नीट जपलेला कृष्णधवल प्रिंट शंभर वर्षंसुद्धा टिकतो, पण त्यातल्या चेहऱ्यांना नावानिशी ओळखणारी माणसं तेवढी वर्षं आपल्यात नसतात. म्हणून या कामाचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी ओळख, मग निवड, मग स्कॅन आणि मोठे प्रिंट, आणि सगळ्यात शेवटी अल्बम. वेळ कमी असेल तर शेवटच्या तीन गोष्टी पुढच्या वर्षावर ढकला, पण पहिली आजच सुरू करा.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घेऊन टाका. अल्बम करायचा तो प्रतींचा. मूळ फोटो कापायचे नाहीत, चिकटवायचे नाहीत, ते वेगळ्या डब्यात नीट ठेवायचे. हे ठरलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. प्रत बिघडली तर दुसरी काढता येते. अल्बम लहान मुलांच्या हातात देता येतो. आणि भावंडांमध्ये ‘फोटो कोणाकडे राहणार’ हा प्रश्न उरत नाही, कारण अल्बम हवे तेवढे करता येतात.

फोटो हाताळताना

मोकळं, कोरडं टेबल घ्या आणि त्यावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. खाणं-पिणं टेबलापासून लांब. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो नेहमी कडेला धरून उचला. बोटांच्या तेलकटपणाचे ठसे आज दिसत नाहीत, काही वर्षांनी दिसू लागतात. निगेटिव्हवर ते जास्तच उठून दिसतात, म्हणून निगेटिव्हसाठी सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे वापरा.

धूळ काढायला हवेचा रबरी फुगा आणि अगदी मऊ ब्रश पुरतो. मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवायचा. ओलं फडकं मात्र कधीही लावू नका. बहुतेक जुन्या प्रिंटांमध्ये प्रतिमा जिलेटिनच्या पातळ थरात असते. पाणी लागलं की हा थर फुगतो, मऊ पडतो आणि चेहऱ्यासकट फडक्याला चिकटून येतो.

रबरबँड, यू-पिना, टाचण्या, चिकटपट्ट्या यांपैकी जे सहज निघेल ते काढून टाका. रबरात गंधक असतं आणि ते फोटोतल्या चांदीवर डाग पाडतं. पिना गंजतात. चिकटपट्टी सहज निघत नसेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. तिच्यासकट फोटो स्कॅन करता येतो.

काही जुन्या अल्बमांची पानं चिकट असतात आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. एके काळी हे अल्बम घरोघरी होते आणि फोटोंसाठी ते वाईट आहेत: गोंद पिवळा पडतो, फोटो पाठीमागून धरून ठेवतो, आणि ते प्लास्टिक पीव्हीसीचं असेल तर त्याचाही परिणाम होतो. यातले फोटो सोडवायचे असतील तर मेण न लावलेला दातांचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून एका कोपऱ्यापासून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. फोटो वाकू लागला तर थांबा. तो पानावरच ठेवून स्कॅन करा.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढायचा नाही, काचेसकट त्याची प्रत घ्यायची. गुंडाळी झालेला फोटो जोर लावून सपाट केला तर त्याला भेगा पडतात, असे फोटो जाणकाराकडे द्यावेत.

निगेटिव्हचं एक वेगळं सांगायला हवं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही फिल्म सेल्युलोज नायट्रेट या प्लास्टिकवर बनत असत, आणि नायट्रेट अतिशय ज्वालाग्राही असतं. फिल्मच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर ती बहुधा अ‍ॅसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकची, त्या बाबतीत धोका नाही. तसं काही नसेल, फिल्म चिकट, तपकिरी झाली असेल आणि उग्र वास येत असेल, तर ती बाकीच्यांपासून वेगळी करा, उष्णतेपासून लांब ठेवा आणि अभिलेखागारातल्या किंवा संग्रहालयातल्या जाणकाराला विचारा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी फिल्म अ‍ॅसिटेटची असते. ती पेटण्याची भीती नसते, पण ती आकसत चाललेली असते आणि तिचा वास लागून शेजारच्या फिल्मही बिघडतात. अशी फिल्म वेगळी ठेवा आणि स्कॅनच्या रांगेत पहिली घ्या.

पेटीतला क्रम मोडू नका

वर्षांनुसार गठ्ठे लावायची घाई होते. त्याआधी पेटी, पाकिटं आणि जुने अल्बम जसे सापडले तसे फोनवर टिपून घ्या. अल्बमचं प्रत्येक पान पूर्ण टिपा, रिकामं असलं तरी. एका पाकिटात एकत्र असलेले फोटो बहुधा एकाच रिळातले असतात. त्यातल्या एकावर तारीख सापडली की बाकीच्यांचा काळही कळतो. हे पाकीट विस्कटलं तर हा दुवा कायमचा जातो.

मग प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्या. ००१ पासून सरळ, पुढेमागे न करता. वर्षावरून क्रमांक देऊ नका, कारण वर्षाबद्दलचा तुमचा अंदाज पुढे बदलणार आहे, क्रमांक बदलायचा नाही. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला कडेजवळ, फोटो कडक सपाट पृष्ठभागावर पालथा ठेवून हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई पाझरते. १९७०च्या दशकापासून रूढ झालेल्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. असा फोटो कागदी पाकिटात घालून क्रमांक पाकिटावर लिहा. पाकिटावर लिहायचं ते फोटो आत घालण्याआधी.

या क्रमांकांची एक वही किंवा तक्ता करा. रकाने कमीच ठेवा: क्रमांक, कोण, कुठे, केव्हा, कोणी सांगितलं, मूळ फोटो कुठे आहे. ‘कोणी सांगितलं’ हा रकाना गाळू नका. दोन जणांनी दोन वेगळी नावं सांगितली की त्याचीच मदत होते.

ओळख पटवणं

या टप्प्याला भरपूर वेळ द्या.

सगळ्यात आधी मागची बाजू वाचा. नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, कोणाला पाठवला त्याची ओळ, जे असेल ते वहीत जसंच्या तसं उतरवा, चुकांसकट. शिक्क्यातल्या स्टुडिओच्या पत्त्यावरूनही काळ आणि गाव दोन्ही सापडतात. मागे काहीही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करायची.

मग घरातल्या ज्येष्ठांकडे जा. मूळ फोटो घेऊन जाऊ नका. फोनवर टिपलेल्या प्रतींतून एका कागदावर दोन-दोन फोटो, चेहरे नीट दिसतील एवढे मोठे छापून न्या. लहानशा मूळ फोटोकडे बघून ‘आठवत नाही’ म्हणणारी आजी मोठ्या प्रतीत एखादा दागिना किंवा खिडकीचा गज बघून घराचं नाव सांगते. एका बैठकीत दहा-पंधरा फोटोंपेक्षा जास्त काढू नका, थकवा आला की उत्तरं अंदाजाने येऊ लागतात.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारूनच. सुरुवातीला तारीख आणि कोण बोलत आहे ते मोठ्याने सांगा, आणि प्रत्येक फोटोकडे वळताना त्याचा क्रमांक उच्चारा: ‘आता सत्तेचाळीस नंबरचा.’ हे केलं नाही तर पुढे ऐकताना ‘हा बघ, हा डावीकडचा’ म्हणजे कोणत्या फोटोतला, ते कळत नाही.

‘हे कोण?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. तो परीक्षेसारखा वाटतो. ‘हे घर कोणाचं?’, ‘हा फोटो कोणी काढला असेल?’, ‘तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?’, ‘या दिवशी सगळे का जमले होते?’ इथून सुरुवात केली की नावं आपोआप येतात. आणि जो फोटोत नाही त्याच्याबद्दल जरूर विचारा. घरचे फोटो काढणारा माणूस बहुतेक फोटोंत नसतो, त्याचं नाव वेगळं टिपून ठेवावं लागतं.

नावं लिहिताना नातं पुरेसं नाही. तुमची आजी ही तुमच्या आईची सासूबाई, आत्याची आई आणि तुमच्या नातवाची कोणीतरी दूरची. नुसतं ‘आजी’ लिहिलं तर तीस वर्षांनी अल्बम उघडणाऱ्याला काहीच कळणार नाही. पूर्ण नाव, आडनाव, लग्नाने नाव बदललं असेल तर दोन्ही नावं, आणि घरात हाक मारायचं नाव, हे सगळं लिहा. क्रम नेहमी डावीकडून उजवीकडे. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ हा शब्द लिहायला अजिबात संकोच करू नका. नंतरच्या माणसाला ‘बहुधा’ दुरुस्त करता येतं. ठामपणे लिहिलेलं चुकीचं नाव मात्र पिढ्यान्पिढ्या तसंच पुढे जातं.

काळाचा अंदाज फोटोच्या वस्तूवरूनही बांधता येतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण अडीच बाय चार इंचांचा स्टुडिओ फोटो असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. या प्रकाराचं पेटंट पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ मध्ये घेतलं होतं. साडेचार बाय साडेसहा इंचांच्या आसपासचे पुठ्ठ्यावरचे फोटो त्यानंतरचे. कातरलेल्या नागमोडी कडांचे छोटे कृष्णधवल प्रिंट विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत लोकप्रिय होते. चौकोनी रंगीत प्रिंट बरेचदा १९६३ मध्ये बाजारात आलेल्या १२६ नंबरच्या, डबीसकट कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मचे असतात. खालची पांढरी पट्टी जाड असलेला, आपोआप तयार होणारा पोलरॉइड १९७२ किंवा त्यानंतरचा. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर १९८०च्या दशकापासून पुढे चला, पण त्या तारखेवर पूर्ण भरवसा ठेवू नका, कॅमेऱ्याचं घड्याळ कित्येकदा लावलेलंच नसायचं. पांढऱ्या पट्टीवर छापलेला महिना-वर्षही फोटो काढल्याचा नसतो, प्रिंट काढल्याचा असतो. अर्धं रीळ महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात पडून राहत असे.

शेवटचा आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे फोटोतली मुलं. ज्याचं जन्मवर्ष माहीत आहे असं एक मूल सापडलं की काळ दोन-तीन वर्षांच्या आत येतो.

निवड

अल्बमसाठी चाळीस ते साठ फोटो घ्या. हा आकडा कमी वाटेल, पण तीनशे फोटोंचा अल्बम कोणी शेवटपर्यंत बघत नाही. बाकीचे जातात कुठे? डब्यात आणि हार्ड डिस्कवर ते आहेतच.

सारख्या पाच फोटोंतून सर्वांत स्पष्ट घेण्यापेक्षा ज्यात कोणी काही करत आहे तो घ्या. शिवणयंत्रावर बसलेली काकू, सायकल पुसणारे आजोबा, दारात उभी राहून कॅमेऱ्याऐवजी रस्त्याकडे बघणारी मुलगी, हे फोटो थोडे अस्पष्ट असले तरी चालतात. रांगेत उभ्या केलेल्या औपचारिक फोटोंतून प्रत्येक घराचा एखादा पुरेसा आहे. कुटुंबातलं एकही माणूस पूर्णपणे सुटत नाही ना, हे मात्र शेवटी यादी घेऊन तपासा. अविवाहित राहिलेले, लवकर गेलेले, दूर गेलेले असे लोक निवडीत हमखास गळतात आणि त्यांच्यासाठी वेगळा अल्बम नंतर कोणी करत नाही.

स्कॅन करताना

प्रिंटसाठी घरगुती वापराला सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो. फोटो आत ओढून घेणारा, चाकांवर सरकवणारा स्कॅनर जुन्या प्रिंटांना वापरू नका. काच कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, द्रव पदार्थ थेट काचेवर शिंपडू नका.

किती डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला किती ठिपक्यांनी, स्कॅन करायचं, या प्रश्नाचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. चांगल्या प्रिंटला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. मूळ फोटो किती पट मोठा करायचा आहे त्याने ३०० ला गुणा. तीन इंच रुंद फोटो नऊ इंच करायचा, म्हणजे तिप्पट, म्हणजे ९०० डीपीआय. तोच फोटो ३०० वर स्कॅन केला तर नऊ इंचांत दर इंचाला १०० च पिक्सेल येतात आणि चेहरे धुरकट दिसतात. ३५ मिमीच्या निगेटिव्हची लांब बाजू ३६ मिमी, साधारण १.४ इंच. ती दहा इंच करायची तर सातपट, म्हणजे २१०० डीपीआय. २४०० लावलं की काम झालं. स्कॅनरच्या खोक्यावर दोन आकडे असतील तर ‘ऑप्टिकल’ लिहिलेला खरा, दुसरा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

निगेटिव्ह असेल आणि स्कॅनरला निगेटिव्ह स्कॅन करायची सोय असेल तर प्रिंटऐवजी त्याचंच स्कॅन करा. दुकानात छापलेल्या सामान्य प्रिंटमध्ये निगेटिव्हमधला बराच तपशील उतरलेलाच नसतो. अशा प्रिंटवर ६०० डीपीआयच्या पुढे गेलं तर हाती बहुतेक कागदाचे तंतू लागतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो नवख्यांना माहीत नसतो. जुने काडेपेटीपेक्षा थोडे मोठे कृष्णधवल प्रिंट, साधारण सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचे, पुष्कळदा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेले असतात. १९०१ मध्ये आलेल्या १२० नंबरच्या फिल्मचा एक आकार, सहा बाय नऊ सेंटिमीटर, नेमका तेवढाच आहे. मध्ये मोठं करणारी भिंगं आली नसल्याने या चिमुकल्या प्रिंटांत निगेटिव्हचा जवळजवळ सगळा तपशील असतो. काचेच्या प्लेटवरून केलेले जुने स्टुडिओ फोटोही असेच. पेटीतले सगळ्यात लहान, दुर्लक्षित फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करून पडद्यावर उघडा. दारावरची पाटी, मनगटावरचं घड्याळ, मागच्या खिडकीतून डोकावणारा चेहरा, असं बरंच काही त्यांत वाचता येतं. मोठं करण्यासाठी मी पहिली निवड याच फोटोंची करते.

कृष्णधवल फोटोही रंगीत सेटिंगवर स्कॅन करा, म्हणजे कागदाचा तपकिरी रंग आणि डाग नंतर ओळखता येतात. स्कॅनरची धार वाढवणारी, धूळ काढणारी, रंग सुधारणारी सगळी आपोआप चालणारी बटणं बंद ठेवा. कडेसकट पूर्ण फोटो घ्या, कापणं नंतर. मूळ स्कॅन टिफ (TIFF) या, साठवताना प्रतिमा न बिघडवणाऱ्या फाइल-प्रकारात साठवा. तीन बाय चार इंचांच्या फोटोची ९०० डीपीआयची रंगीत टिफ फाइल साधारण २९ एमबी होते, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी बिघडते, म्हणून ती फक्त पाठवायला आणि छापायला.

फाइलचं नाव म्हणजे फोटोचाच क्रमांक: ०४७-पुढे, ०४७-मागे. यापेक्षा कल्पक नावं देऊ नका.

काही प्रिंटांच्या कागदावर रेशमी किंवा षटकोनी नक्षी असते आणि स्कॅनमध्ये ती ठिपक्यांच्या जाळीसारखी चमकते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटी प्रतिमा पुन्हा सरळ करून दोन्ही प्रतिमा एकावर एक ठेवून वरची निम्मी पारदर्शक करा. जाळी बरीच विरते.

स्कॅनर नसेल, किंवा फोटो काचेला चिकटलेला असेल, तर फोनही चालतो. ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला अगदी समांतर धरा. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू केल्या की वाकडेपणा लगेच दिसतो. थोडं मागे सरून दुप्पट झूमवर काढलं तर कडा वक्र होत नाहीत. काचेत तुमचं प्रतिबिंब येत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फोनचं भिंग बाहेर काढा.

दुरुस्ती, आणि कुठे थांबायचं

मूळ टिफला हात लावू नका, तिची प्रत उघडा. सुरुवात सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ बिंदू ठरवण्यापासून करा. लेव्हल्स नावाचं साधन बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. फिकट पडलेले कृष्णधवल फोटो एवढ्यानेच जिवंत होतात. १९६० आणि ७०च्या दशकांतले रंगीत फोटो अंधारात ठेवूनही लालसर होतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही स्तर वेगवेगळे लेव्हल्सने ताणले की रंग बरेच परत येतात. तरीही जमत नसेल तर तो फोटो कृष्णधवल करून छापा, चेहरे स्वच्छ दिसतील.

धुळीचे ठिपके आणि चेहऱ्यावरून गेलेले ओरखडे काढा. कोपऱ्याची घडी, कडेची फाट राहू द्या.

चेहरा आपोआप ‘स्पष्ट’ करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल माझं मत ठाम आहे: कौटुंबिक अल्बममध्ये ती वापरू नका. फोटोत जो तपशील नाही तो ही साधनं इतर हजारो चेहऱ्यांवरून बेतून भरतात. डोळे टपोरे, त्वचा गुळगुळीत, दात सरळ होतात, आणि पणजोबांच्या जागी कोणी अनोळखी माणूस बसतो. ज्यांनी पणजोबांना पाहिलं नाही त्यांना तोच चेहरा खरा वाटू लागेल. धूसर चेहरा छोटाच छापा. कृत्रिम रंग भरलेल्या प्रतीचा मोह आवरत नसेल तर तिच्याखाली तसं स्पष्ट लिहा आणि शेजारी मूळ प्रत ठेवा.

समूहाच्या फोटोत हिशेब करूनच पुढे जा. प्रिंटवर पाच मिलिमीटरचा चेहरा १२०० डीपीआयवर साधारण २३५ पिक्सेलचा होतो, म्हणजे छापून तो दोन सेंटिमीटरपर्यंत चांगला दिसेल. त्याहून मोठा करायचा हट्ट धरू नका.

प्रिंट

फोटोंच्या प्रचलित मापांची प्रमाणं वेगवेगळी असतात. चार बाय सहा, पाच बाय सात आणि आठ बाय दहा यांत एकच फोटो तीन तऱ्हांनी कापला जातो, आणि कापलं जातं ते बहुधा कडेला उभं असलेलं माणूस. यावर उपाय सोपा आहे: हव्या त्या मापाचा पांढरा कोरा कागद सॉफ्टवेअरमध्ये उघडा, त्यावर पूर्ण फोटो मधोमध ठेवा, चारी बाजूंना पांढरी पट्टी सोडा आणि तशीच फाइल छापायला द्या. छापणाऱ्याला आपोआप रंगसुधारणा बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुमचा तपकिरी फोटो करड्या रंगात येईल.

पडदा मागून उजळलेला असतो, कागद नसतो, त्यामुळे पहिला प्रिंट अपेक्षेपेक्षा काळपट येतो. सगळे फोटो एकदम देऊ नका. तीन वेगळ्या प्रकारचे, म्हणजे एक गडद, एक फिकट आणि एक रंगीत, आधी छापून बघा आणि मग बाकीच्यांची उजळी ठरवा. कागद मॅट घ्या. त्यावर दिव्याची चमक येत नाही आणि बोटांचे ठसे कमी दिसतात. घरच्या इंकजेटवर छापणार असाल तर पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा, प्रिंटर साध्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईपेक्षा जास्त टिकाऊ.

अल्बम बांधताना

पानं जाड हवीत, दोनशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम वजन) पुढची, आणि आम्लमुक्त कागदाची. अल्बमवर फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट उत्तीर्ण असा उल्लेख असेल तर उत्तम, ती कागद आणि गोंद फोटोला बाधतात का हे पाहणारी चाचणी आहे. प्लास्टिकची पाकिटं घ्यायची तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीची नकोत. बांधणी स्क्रूची घ्या, म्हणजे पानं काढता-घालता येतात. फोटो लावले की अल्बम पुढच्या बाजूने फुगतो आणि शिवण ताणली जाते. त्यासाठी बांधणीच्या बाजूला दर दोन पानांमध्ये त्याच कागदाची बोटभर रुंद पट्टी घालतात. तयार अल्बममध्ये ती आहे का, हे घेतानाच बघा.

फोटो कोपऱ्यांनी लावा, गोंदाने नाही. एका पानावर एक मोठा किंवा फार तर तीन लहान. ज्याच्यात तपशील आहे तो फोटो मोठा आणि एकटा, धूसर तो लहान. क्रम काळाचा ठेवा. माणसावार अल्बम करायचा मोह होतो, पण एका लग्नाच्या फोटोत दोन घरं एकत्र येतात आणि तो कोणाच्या भागात घालायचा ते ठरत नाही. पहिल्या पानावर वंशावळ असावी, अल्बममधल्या लोकांपुरतीच.

मोठ्या समूहाच्या फोटोसमोरचं पान मोकळं सोडा. फोटोच्या प्रतीवर ट्रेसिंग कागद ठेवून डोक्यांच्या आणि खांद्यांच्या बाह्यरेषा काढा, प्रत्येक आकृतीत आकडा घाला आणि खाली आकड्यांपुढे नावं लिहा. ‘मागची रांग, डावीकडून चौथे’ असं मोजत बसण्यापेक्षा हे शंभर पट बरं. मूळ फोटोवर कधीही ट्रेस करू नका, पेन्सिलीचा वळ पडतो.

मथळा छोटा: कोण, कुठे, केव्हा, आणि रेकॉर्डिंगमध्ये सापडलेलं एखादं वाक्य सांगणाऱ्याच्याच शब्दांत. कोपऱ्यात फोटोचा क्रमांक. लिहायला पाण्याने न फुटणारी पिगमेंट शाईची पेनं वापरा आणि पानावर फोटो लावण्याआधी लिहा.

मूळ फोटो आणि फाइली

मूळ फोटो आम्लमुक्त पाकिटांत, क्रमांकाने, घट्ट न कोंबता डब्यात ठेवा. डबा राहत्या खोलीतल्या कपाटात असावा. छपराखालचा माळा तापतो, बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीघराला लागून दमट असतं. ३० ते ५० टक्के आर्द्रता आदर्श. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघा. वही किंवा तक्ता आणि रेकॉर्डिंगही याच फोल्डरमध्ये जायला हवीत.

ओळख न पटलेले

कितीही विचारलं तरी काही चेहरे अनोळखी राहतात. हे फोटो टाकून देऊ नका आणि अल्बममध्येही मिसळू नका. त्यांचे छोटे प्रिंट क्रमांकासह एका-दोन सुट्या पानांवर छापा, प्रत्येकाखाली दोन कोऱ्या ओळी सोडा आणि ही पानं अल्बमच्या प्रतीबरोबर सगळ्या शाखांच्या नातेवाइकांना पाठवा, विशेषतः ज्यांच्याशी बोलणं कमी झालं आहे त्यांना. सोबत परतीचा पत्ता आणि तुमचा फोन नंबर द्या. उत्तर आलं की वहीत नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि स्क्रू सैल करून अल्बममध्ये एक पान वाढवा.